तापलेल्या गोळ्याचं वजन

मंगळवार, वडगाव

कॉलेजात चार दिवस नुसती शुभदा शुभदा. माझ्या शेजारच्या वर्गात फिजिक्स शिकवते ती. लोखंडी गोळा तापवला की त्याचं वजन घटतं, असं तिनं तराजूवर करून दाखवलं. प्रयोगशाळेतले गेनूभाऊ मलाच सांगतात, “मॅडम, आता पुस्तकं बदलाया लागतील म्हनं.”

वजन घटत नाही. वर जाणारी गरम हवा पारडं उचलते. मीही असाच शोध लागला म्हणून फसले होते, पाच वर्षांपूर्वी. मग उकळतं पाणी, बाहेरून गारच राहणाऱ्या थर्मासमध्ये बंद करून तोललं, निवल्यावर पुन्हा तोललं. तेवढंच भरलं. कुणाजवळ बोलले नाही.

उद्या तो थर्मास तिच्या टेबलावर ठेवणार. तिच्या भल्यासाठी? छे. मला तो शोधाचा आनंद एकच संध्याकाळ पुरला होता. तिचा आज चौथा दिवस.