आउनेची पेटी आणि वाटाण्याचं सूप

पुओलांका, ६ सप्टेंबर

प्रिय एन्सिओदादास,
आउनेचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनी गेल्यापासून दोन्ही वेळ जेवतोस ना? कुत्र्याचं लंगडणं थांबलं का? शेजारच्या तैमीच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? इथे जिची विचारपूस करावी अशी माझ्याशिवाय कोणी नाही.

वहिनीच्या मातीला आले नाही म्हणून तू रागावलास. खरं कारण आज लिहिते. आतड्याच्या ऑपरेशननंतर माझा शौचावरचा ताबाच गेला. चार वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानापुढे गेले नाही. या वसंतात डॉक्टरांनी आत कृत्रिम झडप बसवली. तिच्याजवळचं छोटं यंत्र ध्वनिलहरी सोडून आतडं किती भरलंय ते पाहतं आणि खिशातल्या पेटीला कळवतं. पेटी थरथरली की संडास गाठायचा, बटण दाबून झडप उघडायची. नर्स म्हणाली, आजी, आता फिरा जगभर.

कसलं जग! आमची बस फक्त शुक्रवारी. तीन शुक्रवार तुझ्याकडे यायला पिशवी भरून तयार झाले आणि तिन्ही वेळा पेटी सकाळपासून थरथरत सुटली. जाऊन बसावं तर काही नाही. एरवी शहाण्यासारखी वागते. महिनाअखेरीस तपासणी आहे, तेव्हा सांगणार, काढून टाका. भेटीगाठींवाचून कोणी मरत नाही.

तुझी,
आउने

कुहमो, ११ सप्टेंबर

चि. आउनेस,
अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, चार वर्षं एकटीनं सोसलंस? आणि मी तैमीला सांगत सुटलो की बहिणीला माणसांपेक्षा तिचं घर प्यारं. चुकलो गं.

आता ऐक. मी डॉक्टर नाही, पण मासे शोधायचं यंत्र तीनदा उघडून जोडलंय. तेही आवाजानंच पाहतं. पाण्यातून आवाज सरळ जातो, हवेला मात्र थडकून माघारी फिरतो. बोटीखाली बुडबुडे आले की माझं यंत्र भलतंच दाखवतं. शुक्रवारच्या आदल्या दिवशी तू काय खातेस? दर गुरुवारी आपला सगळा देश खातो तेच, वाटाण्याचं सूप! त्यात तुझा हात आईसारखा, दोन वाट्यांवर थांबेल तर शपथ. पोटात वायू, पेटी आंधळी. डॉक्टरांना विचार, पण एक गुरुवार सूप सोड. मी थांब्यावर उभा राहीन.

तुझा दादा,
एन्सिओ

पुओलांका, ८ ऑक्टोबर

प्रिय दादास,
सप्रेम नमस्कार.

घरी सुखरूप पोचले. डॉक्टरांचं सांगायचं राहिलंच. ते म्हणाले, भावाचं बरोबर आहे, पण आजी, काय खाता ते आधी का नाही सांगितलंत? मी म्हटलं, गुरुवारी काय खातात हे का सांगायचं असतं?

येताना वाटेत पेटी एकदा थरथरली, अगदी खरी. ड्रायव्हरला सांगितलं, तो थांबला. परत येऊन बसले तर कुणी मानसुद्धा वळवली नाही. चार वर्षं मी याच माणसांना घाबरत होते.

वहिनीच्या थडग्यावर आपण दोघांनी मिळून फुलं ठेवली, ते बरं झालं. पण दादा, एक वाईट झालं. इतकी वर्षं हे घर मला शांत वाटायचं. तुझ्याकडचे सात दिवस तुझं खोकणं, खुर्ची ओढणं, कुत्र्यावर ओरडणं ऐकलं, आणि आता रेडिओ लावला तरी इथली शांतता ऐकू येते.

तेव्हा पेटी कशी आहे ते विचारू नकोस. पुन्हा कधी येतेस, ते विचार. आणि लवकर विचार.

तुझीच,
आउने