थोरला बंद हाय

बारामतीच्या बंगल्यात सुखरूप असलेल्या दादास,

रिपोर्ट व्हॉट्सॲपला टाक म्हणालास, म्हणून हे लिहितीय. दवाखाना तुझ्याच गल्लीच्या तोंडाशी हाय. आईला गावाकडनं, वरकुट्यावरनं, एसटीनं मी आणली.

चालताना तिच्या मांड्या भरून यायच्या, म्हणून नसंत औषध सोडून ओटीपोटाचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो पडद्यावर दाखवला. पोटातनं पायाकडं जाणारी मोठी नस पार बुजली हाय, आणि तिला वळसा घालून बारक्या नसा मुळ्यांगत पसरून रक्त खाली नेत्यात. आईला कमी ऐकू येतं, म्हणून डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "आजी, थोरला रस्ता कधीचाच बंद हाय. बारक्यांनीच पाय जगवलाय."

आपल्या घरात थोरला म्हणजे तू आणि बारकी म्हणजे मी. मधला 'रस्ता' तिला ऐकूच गेला न्हाय. ती ताठ बसली आणि म्हणाली, "थोरला बंद न्हाय, डॉक्टर. त्याला येळ नसतो."

डॉक्टर माझ्याकडं बघाय लागले. मी वाकून तिच्या पायात चपला सरकवाय लागले. ते पाय रोज रात्री मी चेपते, पण बारकीबद्दल ती काहीच बोलली न्हाय.

हे पत्र मी टाकणार न्हाय. वाचून तू लाजेकाजेस्तव एकदा येऊन जाशील. मग ती तसल्या पायांनी वरकुट्यावरनं दवाखान्यापर्यंत चालतसुद्धा जाईल, थोरला उघडा हाय म्हणून डॉक्टरांना सांगायला.

तुझी नसलेली,
बारकी