दादाच्या पायऱ्या

प्रिय टिल्लू,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगून टाकते, दादा बरा आहे. जेवतो, झोपतो, दुपारी खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे रंग सांगतो. हल्ली पांढऱ्या गाड्या फार झाल्यात म्हणून जरा नाराज असतो, एवढंच. मी आयुष्यभर बस स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या. माझं सगळं बोलणं तोंडाने झालं, कागदावर बोलायची सवय नाही. तेव्हा थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घे.

आमच्या शनिवारच्या वर्गाबद्दल तुला नीट कधी सांगितलंच नाही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तो हॉल आहे. घडीच्या खुर्च्या, एक कुरकुरणारा पंखा आणि कोपऱ्यात एक मशीन, ज्यातून चहा आणि कॉफी एकाच चवीची येते. ज्यांची मुलं वयाने मोठी झाली, पण अजून आई-बापांच्या हाताने जगतात, अशा पालकांसाठी तो वर्ग आहे. शिकवणाऱ्या बाई तुझ्याच वयाच्या असतील, तरी आम्ही सगळी म्हातारी मंडळी त्यांना ताईच म्हणतो. पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, तिशी ओलांडलेला मुलगा सांभाळून माझे केस पांढरे झाले, ही पोरगी मला काय शिकवणार. एकदा त्यांनी, पालकांनी स्वतःचीही काळजी घ्यावी म्हणून, आम्हाला डोळे मिटून एखादी शांत जागा आठवायला लावली. माझ्या शेजारी ड्रायव्हरकाका बसायचे, ट्रक चालवून रिटायर झालेले. ते दोन मिनिटांत घोरायला लागले. मी कोपराने ढोसणार, तर ताई म्हणाल्या, झोपू द्या, आजचा धडा फक्त त्यांनाच कळलाय. तेव्हापासून मला त्या बाई आवडायला लागल्या.

त्यांची पद्धत अशी की कुठलंही काम बारीक बारीक पायऱ्यांमध्ये तोडायचं. हात धुणं हे आपल्याला एक काम वाटतं, दादासाठी ती कितीतरी कामं. नळ उघडायचा, हात ओले करायचे, साबण उचलायचा, चोळायचा, परत ठेवायचा. प्रत्येक पायरीचं चित्र काढून बेसिनच्या वर चिकटवायचं आणि पायरी जमली की शाबास म्हणायचं. लगेच म्हणायचं आणि मनापासून म्हणायचं, यावर ताईंचा फार जोर. उभ्या जन्मात मी कुणाला शाबास म्हटलं नव्हतं, तुला तर ते वेगळं सांगायला नको. तुझा पहिला नंबर आला तेव्हाही मी अक्षर सुधार म्हटलं होतं. पण दादासाठी मी उठता-बसता शाबास म्हणायला लागले, आणि टिल्लू, तो शिकला गं. दात घासायला शिकला, अंग पुसून कपडे घालायला शिकला, ब्रेडला लोणी लावून स्वतःचा डबा भरायला शिकला. लोणी कडेपर्यंत पोचलंच पाहिजे हा त्याचा हट्ट, पण तो तर तुझाही आहे.

वर्षाच्या शेवटी सगळ्या कुटुंबांचा मेळावा झाला. मुलांची गाणी, पालकांची संगीतखुर्ची, बक्षिसं. ड्रायव्हरकाकांच्या मुलीने, चाळिशीच्या त्या पोरीने, सगळ्यांसमोर आपल्या दोन लांब वेण्या दाखवल्या आणि या बाबांनी घातल्या म्हणून सांगितलं. बायको गेल्यापासून काका रोज घालायचे. इतक्या सरळ भांगाच्या वेण्या मी तुला कधी घातल्या नाहीत. मग स्टेजवर टेबल मांडलं आणि दादाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत डबा भरून दाखवला. मी बाजूला उभी होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दादाने कानांवर हात ठेवले, मी रडले. तुला पाठवलेल्या व्हिडिओत आहे ते सगळं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपलं निभावेल.

निभावेल म्हणजे काय, ते आता सांगते. गावाबाहेर मोठ्या मुलांसाठी एक निवासी घर आहे. चांगलं आहे, मी चारदा जाऊन संडासापर्यंत सगळं पाहून आले. आमच्यानंतर दादाने तिथे राहावं, असं बाबा होते तेव्हाच त्यांचं आणि माझं ठरलं होतं. तुला नोकरी लागली आणि तू निघालीस, तेव्हा तुझी बॅग गाडीत चढवून बाबा म्हणाले होते, "तो आमचा मुलगा आहे. तुझा फक्त भाऊ आहे. हा फरक कधी विसरू नकोस." तू हसलीस, बाबांना असे जड शब्द शोभत नाहीत म्हणालीस. मी मान हलवली होती. ते घर फक्त त्यांनाच घेतं, जे आपलं आपण आवरू शकतात. म्हणून तर माझा शनिवारचा खटाटोप होता. तू मोकळी राहशील अशा बेताने मी दादाला एकेक पायरी शिकवत होते. तू तिकडे पाण्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या तपासाव्यात, आणि त्या दातांच्या डॉक्टरला, ज्याच्याबद्दल तू चकार शब्द काढत नाहीस पण ज्याच्यामुळे हल्ली फोनवर सगळे दात दाखवून हसतेस, त्याला एकदा मला दाखवायला आणावंस, यापलीकडे मला काही नको होतं.

उन्हाळ्यात त्या घराने दादाला चार दिवस राहून बघायला बोलावलं. बेसिनवरची चित्रंही मी सोबत दिली. दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन आला, येऊन घेऊन जा. दादा सकाळपासून बेसिनपाशी उभा होता. नळ उघडलेला, हात ओले, आणि पुढे काहीच नाही. सगळे नाश्त्याला गेले, खेळायला गेले, हा तिथेच. तिथल्या मदतनीस मुलीला वाटलं पाण्याशी खेळतोय, खेळू दे. तिने पाहिलं तेव्हा बोटं पांढरी पडली होती आणि पॅंट ओली झाली होती. तिने साबण हातात दिला, समजावलं, चित्र दाखवलं. तो तिच्याकडे बघतही नव्हता, दाराकडे बघत होता. मी पोचले. त्याचे ओले हात पाहून माझ्या तोंडून सवयीने शाबास निघालं आणि त्याने निमूट साबण उचलला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही शाबास म्हणतोय ते बक्षीस म्हणून, आणि दादाने तीही एक पायरी धरली होती. हात ओले करायचे, मग आईने शाबास म्हणायचं, मग साबण. मधली पायरी आलीच नाही तर पुढे जायचं कसं? तो बिचारा नियमाने वागत होता. घरी येऊन मेळाव्याचा व्हिडिओ लावला. टाळ्यांच्या आधी नीट कान दे, प्रत्येक वेळी माझा आवाज आहे, खालच्या पट्टीत, मला स्वतःलाही पत्ता नव्हता. निवासी घराच्या व्यवस्थापक बाई वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "आई, आम्ही प्रत्येकाच्या मागे एक माणूस उभा करू शकत नाही. आणि केला तरी तो तुम्ही नसणार."

ताईंनी हार मानली नाही. म्हणाल्या, आवाज हळूहळू कमी करू. आधी मोठ्याने, मग पुटपुटून, मग नुसती मान, मग दाराआड. सगळं केलं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईने स्वतःच्या घरात मौन पाळलं. मान हलवण्यापर्यंत जमलं, त्यापुढे गाडी हलेना. मी दाराआड गेले की तो साबणाचे हात घेऊन मला शोधत यायचा, समोर उभा राहायचा आणि ओल्या बोटांनी माझे ओठ उघडायला बघायचा. रागाने नाही, अगदी हलक्या हाताने. माझं तोंड बंद पडलंय असं त्याला वाटत असावं. माझा आवाज मोबाईलमध्ये भरून ऐकवला, तर तो मोबाईलच्या मागे मला शोधायला लागला. शेजारणीला म्हणायला लावलं, ताईंनी म्हणून पाहिलं, तो ढिम्म. शेवटी ताई म्हणाल्या, इतक्या वर्षांची सवय आहे, मला खोटी आशा दाखवायची नाही. हे बोलताना त्यांचेच डोळे भरले. मीच त्यांना त्या मशीनचा बेचव चहा आणून दिला.

मधल्या काळात ड्रायव्हरकाका गेले. अंथरुणाला खिळून होते, वर्गातले आम्ही आळीपाळीने जायचो. पोरीला ठेवून घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून तिला सरकारी आश्रमात नेलं. आम्ही भेटायला गेलो, तर मी तिला ओळखलंच नाही. केस कानाच्या वर कापलेले. इतक्या जणींच्या वेण्या कोण घालणार, त्यांचंही खरं आहे. ती हाताने मानेमागे चाचपत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे. आम्ही नेलेली बिस्किटं तिने बघितलीसुद्धा नाहीत. परतताना बसमध्ये प्रत्येकाला तिच्या जागी आपापलं लेकरू दिसत होतं.

आणि आता त्या रविवारची गोष्ट, जी मी ताईंनाही सांगितलेली नाही. तू व्हिडिओ कॉलवर नव्या घराचं सांगत होतीस, खिडक्या मोठ्या आहेत, डॉक्टरला पडद्यांचा रंग कळत नाही. मी फोन ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवला होता. मागे दादा डबा भरत होता. लोणी लावून झालं आणि तो थांबला, सुरी हातात धरून. मी मुद्दाम गप्प बसले, ताईंनी सांगितल्याप्रमाणे. तू बोलता बोलता सहज म्हणालीस, "वा, शाबास रे दादा," आणि परत पडद्यांकडे वळलीस. दादाने सुरी ठेवली, दुसरा ब्रेड उचलला आणि झाकण लावेपर्यंत प्रत्येक वेळी थांबून मोबाईलकडे बघत राहिला. तू प्रत्येक वेळी म्हणालीस, तुला लक्षातही आलं नसेल. तू विचारलंस, आई, चेहरा असा का झाला? मी म्हटलं, उजेड कमी आहे. नंतर तीन रविवार मी तू दिसलीस की दादाला दुसऱ्या खोलीत पाठवत होते. मला ते परत बघायचं नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. माझं हृदय दमलंय. जिना चढताना मधेच बसावं लागायला लागलं म्हणून डॉक्टरकडे गेले, तुझ्या नव्हे, खऱ्या. एक झडप गळकी झालीय आणि दमलेलं हृदय आता ऑपरेशन सोसणार नाही, असं ते म्हणतात. किती दिवस, ते सांगत नाहीत. घरच्यांना बोलावून घ्या म्हणाले. घरचं म्हणजे तूच. टिल्लू, तू ये. भेटायला नको, राहायला ये. दादाला तिकडे नेता येणार नाही, नुसता नळ बदलला तर आठवडाभर हात धुवत नव्हता तो. मी आहे तोवर आलीस तर रोज थोडं थोडं तुझ्या हाती सोपवता येईल, त्याला कळणारही नाही. तुझा डॉक्टर चांगला असेल तर थांबेल, असं लिहिणार होते, पण तो थांबून करणार काय? दादा ठणठणीत आहे, खूप जगेल. तुझ्या बाबांनी दिलेला शब्द मी मोडतेय आणि पूर्ण शुद्धीत मोडतेय. तुला नाही म्हणायचा हक्क आहे, आणि तू नाही म्हणणार नाहीस हे ठाऊक असूनच मी मागतेय. फोनवर सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे हो म्हणाली असतीस. ते तुझ्या तोंडून ऐकणं मला झेपलं नसतं, म्हणून हा कागद. आधी रडून घे, मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, त्या नव्या घराच्या खिडकीत एकदा पोटभर बस. मग सामान बांध.

तुझीच,
पण आधी त्याची,
आई