स्ट्रेंग्थ सत्त्याण्णव

३ मार्च, सोमवार

ठेव. आधी वही खाली ठेव. आणि ‘डिश चांगली चालली होती, तूच हात लावलास’ हे माझ्यासमोर परत म्हणायचं नाही. चांगली चालली नव्हती. जरा आभाळ आलं की चित्राचे चौकोन व्हायचे, बातम्या देणाऱ्या बाईचं नाक कानापाशी जायचं. ह्याला चांगलं म्हणणारी माणसं आयुष्यात पुढे जात नाहीत.

(ही वही कोणी वाचत नाही, माहितीये. पण ह्या घराचा काय भरवसा.)

मुद्दा असा. येत्या रविवारी धाकट्या बहिणीची फायनल. हॉकी. टीव्हीवर लाइव्ह. इतकी वर्षं राखीव गोलकीपर म्हणून बाकावर बसली, यंदा पहिल्यांदा गोलमध्ये उभी आहे. बाबांनी तिला खेळताना कधीच बघितलेलं नाही. आधी ड्युटी, ड्युटी संपली तर पाय मोडून प्लास्टरमध्ये. मोबाइलवर तो चॅनेल येत नाही. आणि बाबांना मुलगी दिसायची तर चौकोनांत दिसायची? मी असताना?

म्हणून गच्चीवर गेलो. डिशचे नट सैल केले. किंचित फिरवली.

चित्र गेलं. तात्पुरतं.

४ मार्च

आज सिस्टिम लावली. मी गच्चीवर, बायको जिन्यात, बाबा टीव्हीसमोर. बाबा आकडा वाचणार, ती ओरडून वर पोचवणार, मी फिरवणार. स्क्रीनवर सिग्नलच्या दोन रेघा येतात, वर स्ट्रेंग्थ, खाली क्वालिटी. बाबांना स्पष्ट सांगितलंय, फक्त वरची वाचा. दोन-दोन आकड्यांनी गोंधळ होतो.

बाबा लिलावात बोली लागल्यासारखे ओरडतात. एकेचाळीस! बेचाळीस! अरे गाढवा, गेली ना परत चाळीसवर!

संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट. एकाच दिवसात. चित्र अजून नाही, पण पाया भक्कम.

बायकोने परस्पर डिशवाल्याला फोन केला होता. उद्या येतो म्हणाला. मी परस्पर फोन करून नको म्हणून सांगितलं. माझं इंजिनिअरिंग झालंय. एक विषय राहिलाय, पण तो डिशचा नाही. आणि बाहेरच्या माणसाने येऊन माझ्या घराचे नट पिळायचे?

५ मार्च

डिशवाला आला नाही म्हणून बायको भडकली. मी म्हणालो, हल्ली लोकांना दिल्या शब्दाची काही किंमत राहिलेली नाही.

अठ्ठ्याहत्तर.

६ मार्च

ऑफिसला दांडी. साहेबांना सांगितलं, वडिलांची तब्येत बरी नाही. खोटं नाही. ओरडून ओरडून बाबांचा घसा बसलाय.

बायको म्हणाली, खालची रेघ शून्यावर आहे. म्हटलं, खालचीकडे बघायचं नाही असं ठरलंय. ती म्हणाली, कोणी ठरवलं? मी बोल्टवर तेल सोडलं.

७ मार्च

एक्याण्णव!!

बायकोने बॉक्सबरोबर आलेली माहिती वाचली. म्हणे, वरची रेघ म्हणजे कुठल्यातरी सॅटेलाइटचं काहीतरी येतंय, खालची म्हणजे आपल्या सॅटेलाइटचं येतंय. तू भलत्याच सॅटेलाइटकडे तोंड करून ठेवलंयस. मी म्हणालो, कुठल्याही का असेना, एक्याण्णव टक्के येतंय ना? आपल्याचं त्याच्या मागोमाग येईल. ती म्हणाली, हो, वरात आहे ना, येईलच.

हे असं असतं. कौतुक शून्य. (क्वालिटीसारखं, असं ती म्हणाली असती. म्हणून मीच आधी लिहून टाकलं.)

खालचे काका भेटले. म्हणाले, रविवारी बाबांना आमच्याकडेच घेऊन या, आमचा टीव्ही ठणठणीत आहे. मी म्हणालो, काका, तुमची स्ट्रेंग्थ किती? त्यांना माहीतच नाही! साधी चौकशीही केलेली नाही कधी. अशा माणसाकडे फायनल बघायची?

८ मार्च, शनिवार

सत्त्याण्णव. नट कचकचून आवळले. एवढी स्ट्रेंग्थ ह्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे नसणार.

चित्र नाही.

बायकोने परत डिशवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, ताई, मी येणारच होतो, तुमच्याच मिस्टरांनी नको सांगितलं. आता सोमवारशिवाय जमत नाही.

 बायकोने भांडी जोरजोरात लावली. बाबा बसक्या आवाजात एवढंच म्हणाले, रेडिओवर सांगतात का रे मॅचचं? आणि परत वरची रेघ वाचायला लागले. सत्त्याण्णव. सत्त्याण्णव. मी खाली येऊन टीव्हीच बंद केला.

९ मार्च, रविवार, दुपार

काका आणि त्यांचा जावई आले. बाबांना खुर्चीसकट उचललं. बायको प्लास्टरचा पाय धरून पुढे. बाबा जिन्यातून हळू हळू खाली गेले, इस्त्रीचा शर्ट घालून. मला म्हणाले, चल की. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी दहा मिनिटांत लावतो, मग वरच आणू तुम्हाला.

गच्चीवरून लिहितोय. ऊन मरणाचं. काकांच्या खिडकीतून मॅच ऐकू येतेय. मॅच म्हणजे काका. त्यांच्या ओरडण्यावरून स्कोअर सांगता येतो. बरोबरी असावी.

डिश जरा डावीकडे घेऊन बघतो.

नंतर

एकदम सगळे गप्प झाले. मग घर कोसळावं तसा आरडाओरडा. त्यात बाबांचा आवाज. बसलेल्या घशातून एवढा आवाज निघतो? हसत होते की रडत होते, वरून कळेना.

जिंकली.

मी गच्चीवर एकटाच टाळ्या वाजवल्या. कबुतरं उडाली.

संध्याकाळ

बाबांना वर आणलं. डोळे लाल. मला म्हणाले, तू बघायला हवं होतंस रे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, बघितलं की! शेवटची दहा मिनिटं लागली ना आपली डिश. आरशासारखं चित्र.

का बोललो, माहीत नाही. बाबांचा चेहरा इतका खुलला की परत घेता येईना. म्हणाले, म्हणजे शेवटी तिने कॅमेऱ्यात बघून तुझ्यासाठी केलं ते बघितलंस? म्हटलं, बघितलं तर!

काय केलं तिने?

कोणालाच विचारता येत नाही. बायकोला माहितीये की मी बघितलेलं नाही. तिला म्हटलं, काय छान केलं ना शेवटी? म्हणाली, हो ना. काय केलं, सांग बरं? मी पाणी प्यायला गेलो.

मग धाकटीचा फोन. मागे गाणी, गोंधळ. दादा, बघितलंस? म्हटलं, अगं म्हणजे काय, डोळ्यांत पाणी आलं.  ती म्हणाली, तुला हसू येईल असं वाटलं होतं. रडलास का?

म्हटलं, थांब, बाबांना देतो.

उद्या डिशवाल्याला बोलवायचं, तर डिश बिघडलीये असं आधी घरात कबूल करावं लागणार. ती तर आरशासारखी चाललीये.

बाबा आतून हाका मारतायत. मॅच आत्ता परत दाखवणार आहेत म्हणे. आपल्याच घरी बघू, तू लावलीच आहेस, ये, माझ्याशेजारी बस. बायको म्हणतेय, हो, बसा दोघं, मी लावते. रिमोट तिच्या हातात आहे. माझ्याकडेच बघतेय.

जरा दुकानात जाऊन येतो. काय आणायचंय ते जिन्यात ठरवीन. चप्पल सापडली. गेलो.