दिगूची ओळ

अकोला, १४ नोव्हेंबर २००८

प्रिय दिगू,

तीन वर्षं तुला लिहिलं नाही, माफ कर. तू फोनवर विचारलेला प्रश्न मी टाळत राहिले. हे पत्रही बहुधा वहीतच राहील.

आपण कापसाच्या काटापावतीचा प्रोग्राम लिहिला आणि कोडसकट सगळ्यांना खुला करून दिला. तो आपण त्यांच्याकडून चोरला, हा पुण्याच्या कंपनीचा दावा पाचव्या वर्षीही चालूच आहे.

आज वकिलांनी कंपनीने कोर्टात दिलेला कोड दाखवला. त्यात मधेच एक ओळ आहे: 'याले हात नोको लावू, काटा बंद पडते.' वकील हसून म्हणाले, "मॅडम, पुन्याचा मानूस असं लिहीन काय?"

धामणगावच्या जिनिंग कारखान्याला दिलेल्या आपल्या पहिल्या सीडीवरून कंपनीने कोडसोबत तुझी ही ताकीदही तशीच उचलली. आपल्या खुल्या प्रतीत मात्र ती नाही. नेटवर टाकण्याआधी मीच ती काढली, आणि खालचं तुझं नावही. लोक तुझ्या बोलीला हसतील, असं वाटलं. की नाव माझं एकटीचं हवं होतं? अजून मला ठरवता येत नाही.

"माह्यं नाव काहून काढलं वं ताई?" असं तू विचारलंस, तेव्हा मी फोन ठेवला. आता ती सीडी कोर्टात दाखवायची, तर हे सगळं सांगावं लागेल. देशभरातली जी अनोळखी माणसं पाच वर्षं माझ्या बाजूने लिहीत आली, तीही ऐकतील. ऐकू देत.

तुझी ओळ वाचताना तुझा आवाज ऐकू आला रे.

तुझीच,
नलूताई

उद्याचं काम: शपथपत्रात मूळ लेखक म्हणून दिगंबरचं नाव घालणे.