सुजीच्या वतीनं दिलेला शब्द

११ डिसेंबर
मोळ्या बांधताना सुजीचा फोन आला. आईनं उचलला. सुजी म्हणली, पुन्हा नाव आलं, इंडियाच्या पोरींच्या टीमात. आई फोनच पदरानं पुसत बसली.
टोळीत सांगितलं. दत्ता म्हणला, "काय बे इंडियावाल्या, बहीण फुटबॉल खेळती तिकडं, मग तू कावून ऊस तोडतोस?" सगळे हसले. मी बी हसलो.
आज तोड चांगली झाली.

१५ डिसेंबर
मुकादम इचारत व्हता, "तुझ्या बहिणीला पोरांएवढं भेटतं का रे? का तिचा बी अर्धाच कोयता?" आमच्यात नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर अर्धा. मी अन् आई मिळून एक.
ठोकून दिलं, पोरांएवढंच भेटतं.
मग सुजीला फोन करून इचारलं. हसली. "दादा, पोरांच्या टीमला विमान, आमाला दोन रात्री रेल्वे. भत्ता त्यांच्या निम्मा बी न्हाई. जर्सी त्यांचीच जुनी, बाह्या कापून शिवल्यात. अन् पैसा न्हाई म्हणून कॅम्प अर्ध्यात बंद. पोरांचा कधी बंद पडत न्हाई."
मुकादमाला ह्यातलं काय सांगितलं न्हाई.

२० डिसेंबर
बाबाचा गावाकडून फोन. टँकर लागलाय. तळं पार आटलं.
त्याच तळ्यात सुजी शिकली. पाणी असल त्या साली हिला ग्राउंड नसायचं. दुष्काळात तळाला भेगा पडल्या की माती घालून सपाट करायची अन् बॉल घिऊन पळायची. गाव पाण्याला रडायचं, हिचा खेळ सुधरायचा. बायका म्हणायच्या, हिच्यामुळंच पाऊस येत न्हाई.
पहिल्यांदा निवड झाली तेव्हा आपल्याकडच्या सहकारी कारखान्यानं सत्कार ठेवला. पोरांच्या क्रिकेटला चषक, कीट, मांडव. हिला बूट देतो म्हणले अन् दिली शाल. ती बी फोटो झाल्यावर परत मागितली, पुढच्या गावात दुसरा सत्कार हाय म्हणून. आता तो कारखानाच बंद. ऊस न्हाई. बूट बी न्हाई.

२ जानेवारी
कॅम्प अजून बंदच. सुजी पुण्याला होस्टेलवर. लई येळ बोलली.
बावीसजणींनी मिळून पत्र दिलंय. पोरांएवढा भत्ता, अन् कॅम्प वर्षभर. उत्तर येईपर्यंत कोणीच पुढच्या कॅम्पला जायचं न्हाई. सगळ्यांच्या सह्या. पत्र तोंबीनं लिहिलं. तोंबी म्हणजे तिच्या खोलीतली मणिपूरची गोलकीपर.
"दादा, घरी कोणाचा फोन आला तर काय बोलू नको. आमचं आमी बघू."
म्हणलं, बरं.

३ जानेवारी
नाव काढून टाकलं तर? गावाकडं येईल. मग लग्न. मग तिच्या हातात बी कोयता. सारखं तेच डोक्यात. पाचटात पाय अडकून पडलो. लागलं न्हाई.

९ जानेवारी
कॅम्पच्या मॅनेजर सायबाचा फोन. फॉर्मवर पालक म्हणून माझाच नंबर हाय, बाबाच्या फोनला रेंज नसती.
"भाऊ, तुम्ही घरचे कर्ते. बाकीच्या पोरी नादाला लागल्यात. तुमची बहीण गुणी आहे, तिचं नुकसान नको. फक्त एवढं सांगा, ती येणार ना?"
मी बांधावर उभा. अंगाला जळक्या उसाचं काळं, हातात कोयता. एवढ्या मोठ्या माणसानं मला कधी भाऊ म्हणलं नव्हतं.
म्हणलं, "येईल सायेब. मी शब्द देतो."
दसऱ्याला मुकादमाला देतो तसाच, तोडीला येतो म्हणून. आईचा अन् माझा मिळून.
चांगलं वाटलं. खोटं कशाला लिहू. भाकरी एक जास्तीची खाल्ली.

११ जानेवारी
सुजीचा फोन. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.
सायबानं बाकीच्या पोरींच्या घरी फोन लावले. महाराष्ट्राची सुजाता येतीय, तिच्या भावानं शब्द दिलाय, मग तुमची कशाला अडती? आधी तीन घरं हो म्हणली. दुसऱ्या दिवशी नऊ. तोंबीनं तिला पोरींच्या ग्रुपमधून काढून टाकलं.
"तिनं मला इचारलं बी न्हाई, दादा. तिला वाटलं मीच तुला सांगितलं." मग म्हणली, "तू मला कावून इचारलं न्हाईस?"
म्हणलं, तुझ्या भल्यासाठीच
फोन कट झालता.

१२ जानेवारी
आईला सांगितलं. ती मोळी आवळत व्हती. आवळून झाल्यावर म्हणली, "मुकादमाच्या वहीत माझं नाव हाय का?"
म्हणलं, न्हाई. माझंच हाय. कोयता एकच मोजतात.
"आधी तुझ्या बापाचं व्हतं."
मोळी डोक्यावर घेतली अन् फळीवरून ट्रॉलीत चढली. फळी वाकती. एवढी वर्षं तिच्या मागं चढतोय, आज खाली उभा राहून बघितलं.

१४ जानेवारी
सायबाला फोन केला. म्हणलं, शब्द परत घेतो, मी तिला न इचारता दिलता.
"असं कसं भाऊ? तुमच्या शब्दावरच तर तिचं नाव ठेवलंय. पत्र लिहिणारीचं काढलं."
पत्र तर तोंबीनं लिहिलंय.
सुजीनं फोन उचलला न्हाई. मेसेज लिहिला, पुसला. मला लांब लिहायला येत न्हाई.

१९ जानेवारी
कॅम्प सुरू झाला. दत्तानं मोबाईलवर बातमी वाचून दाखवली. काही खेळाडू गैरहजर, म्हणं. सुजी गेली न्हाई.
बाबा म्हणला, होस्टेलची मुदत संपली, घरी आली. जेवती. बोलत न्हाई.
गेलेल्या पोरी म्हणत असतील, आमाला पुढं करून ही माघारी राहिली. राहिलेल्या म्हणत असतील, हिच्याच घरानं फोडलं. दोन्हीकडून गेली. मी घालवली.

५ फेब्रुवारी
दत्ता : "इंडियाची मॅच कधी बे?"
म्हणलं, तोड गप.
नंतर तोच तंबाखू घिऊन आला. बसला नुसता.

१८ फेब्रुवारी
पट्टा पडला, हंगाम संपला. एवढ्या लवकर कधीच पडत न्हाई, औंदा इकडं बी ऊस न्हाई. सामान टेंपोत भरलं.
मुकादम म्हणला, "पुढच्या साली हायेत ना दोघं?"
तोंडातून गेलं, "हायेत की."
आई टेंपोत बसली व्हती. माझ्याकडं बघितलं अन् तोंड फिरवलं.
एवढं होऊन बी.

२० फेब्रुवारी
घरी. सुजीनं आईच्या गळ्यात हात टाकले. मला तांब्या दिला, हातात न्हाई, खाली ठिवला. बारीक झालीय.
बाबा म्हणला, "आल्यापासून तुझं नाव घेतलं न्हाई."
मी बी त्याच घरात, तीच चटणी भाकरी, पण पाव्हण्यासारखं वाटतंय.

२२ फेब्रुवारी
तळ्याकडं गेलतो. सुजी गावातल्या आठ-दहा पोरींना शिकवती. गळ्यात शिट्टी. पोरी अनवाणी, एकीच्या पायात भावाचे मोठे बूट, पळताना निघतात.
बॉल माझ्याकडं आला. मारला तर बाभळीत गेला. पोरी खिदळल्या. सुजी गेली अन् काटे बाजूला करून बॉल काढून आणला. हाताला रक्त आलतं.

२४ फेब्रुवारी
ती भांडी घासत व्हती. दोन घागरी पाण्यात सगळ्यांचं भागवायचं म्हणून राखेनं घासती. शेजारी बसलो. म्हणलं, सुजी, चुकलं माझं.
ताटली घासत घासतच बोलली.
"तुला वाटतं, तू हो म्हणलास म्हणून मी चिडले. भ्या मला बी वाटत व्हतं, दादा. लई. मला फोन आला असता तर कदाचित मी बी हो म्हणले असते. पण ते माझं असतं ना."
मग म्हणली, "तोंबी आता घरी आईबरोबर बाजारात भाजी इकती. तिच्या भावानं टाकलेल्या फोटोत दिसली."
मी ताटली घ्यायला हात पुढं केला. तिनं दिली न्हाई.

१ मार्च
आज मॅनेजर सायबाचा फोन. माझ्याच नंबरवर.
"भाऊ, शेवटची संधी. नवा कॅम्प लागतोय. तिनं लेखी द्यायचं, पत्रावरची सही मागं घेतो म्हणून. पोरगी तुमचं ऐकते, तुम्ही समजवा."
म्हणलं, "ती हितंच हाय. तिला देतो."
"अहो, तुम्हीच सांगा ना..."
दिला. तिच्या हाताला पीठ व्हतं, तसाच घेतला. ऐकत ऐकत बाहेर गेली. मी दारात उभा. टँकरच्या रांगेच्या पलीकडं, तळ्याच्या कडंला जाऊन थांबली. ऐकती जास्त, बोलती कमी. एकदा खाली बसली. पुन्हा उठली. घागरीवाल्या बायका तिच्याकडं बघत व्हत्या. मला नुसती पाठ दिसत व्हती.
आली. फोन बाजंवर ठिवला.
आई म्हणली, "काय म्हणलीस?"
"भाकरी करपली बघ, आई."
चौघं जेवलो. तीनदा इचारावं वाटलं, सही मागं घेतलीस का. तीनदा गिळलं. ताट धुवून ती आईजवळ जाऊन बसली. मधी एकदा माझ्याकडं बघितलं, का भिंतीकडं, कळलं न्हाई.
पाण्याला गेलतो तर शेजारचे आबा म्हणले, "फोन आलता म्हणं. जातीय का मग पोरगी?"
म्हणलं, "तिला म्हाईत."
"आरं, तू भाऊ ना तिचा?"
घागर भरली न्हवती, तशीच उचलून आलो.