मुंगसा, तोंड दाखव

आबा,

आज मुंगसानं तोंड दाखवलं. तुम्हाला सोडून ही गोष्ट कुणाला सांगायची तेच कळेना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली बसून लिहिते आहे. डबा तसाच बाजूला पडलाय. तुम्ही असता तर आधी डब्यावरूनच बोलला असतात.

मी आता धुळ्याला असते. गावाबाहेर सोनगीरच्या रस्त्याला एक लहानशी प्राण्यांची बाग आहे, तिथं कामाला. वाघ-सिंह नाहीत हो. शाळेची पोरं येतात, आल्या आल्या वाघ विचारतात आणि मग तोंड पाडून सशांकडे जातात. ससे, कासवं, साळिंदराची जोडी आणि एक म्हातारं माकड. ते माकड दिवसभर रिकाम्या डब्याचं झाकण लावतं आणि काढतं, एखाद्या दुकानदारासारखं. साळिंदरं रिकामी करवंटी नाकानं ढकलत पिंजराभर फिरतात. दुपारी सगळीकडे ऊन पिवळं पसरतं, लिंबाची पानं गळत राहतात आणि त्या करवंटीचा खरखर आवाज ऐकता ऐकता मला कधी कधी कळतच नाही, मी इथं आहे की तिकडं आपल्या केळीच्या बागेत.

मुंगूस महिनाभरापूर्वी आलं. कुणा खेळ करणाऱ्यानं दोरीला बांधून ठेवलं होतं, वनखात्यानं सोडवून आणलं. गळ्यावर दोरीचा वळ. आल्या दिवसापासून कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसलेलं. अंडं ठेवा, खिमा ठेवा, ढिम्म हलायचं नाही. माझ्या जोडीला काम करणारे नाना इथलेच, धुळ्याचे. ते म्हणाले, "अक्का, हाई बठ्ठा दिन भीतकडे तोंड करीसन बठेल शे. काय जगत नही हाई." मी म्हटलं, "नाना, शुभ बोला हो!"

आमचे डॉक्टर तरुण आहेत, जीव लावणारे. नळीनं त्याच्या पोटात दूध घालता घालता म्हणाले, "असं फार दिवस चालायचं नाही. ताटलीत आयतं देऊ नका. लपवून ठेवा, शोधू द्या त्याला. त्याला काम हवंय, खेळ हवाय." या उपायाला त्यांनी इंग्रजीत काहीतरी लांबलचक नावही सांगितलं. मी मान डोलावली खरी, पण माझ्या डोळ्यांपुढे केळीच्या बागेतला तो हिरवा अंधार उभा राहिला आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही.

आई गेली तो उन्हाळा. मी मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले आहे. आत्या ताट वाढते, उचलते. शेजारणी येतात, डोक्यावरून हात फिरवतात, जातात. तुम्ही शेतातून येता, पाय धुता आणि माझ्यामागे उकिडवे बसता. हात लावत नाही. हळूच म्हणता, "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुले रामाची आन." बांधावर मुंगूस दिसलं की आपल्याकडची पोरं हेच ओरडतात. ते वळून बघतं आणि त्याचं तोंड ज्याला दिसलं त्याचा दिवस चांगला जातो. मी वळत नाही. तुम्ही रागावत नाही, नुसते बसून राहता.

दुसऱ्या दिवसापासून रोज मला गाडीत घालून बागेत नेता. म्हणता, "तुही भाकर हरवली बागात. मले काय मालूम कोठी गेली. शोध." विहिरीपाशी मला हातपाय धुवायला सोडून तुम्ही आत जाता. मग मी आत शिरते. वर पानाला पान लागलेलं, ऊन गाळून खाली येतं, पाटातलं पाणी कुठंतरी आपल्याशीच बोलत असतं आणि सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं. कुठल्यातरी खोडाच्या सोपटात, त्या सुटलेल्या सालीच्या आत, केळीच्या पानाची पुडी खोचलेली असते, वाखानं बांधलेली. आत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि गूळ. मी उभ्या उभ्या खाते. एकदा मी हट्टानं म्हटलं, हातात द्या ना. तर केवढ्यानं खेकसलात, "आयतं खायाले तू पाव्हनी हाये का?" मी रडले होते, पण शोधलीच.

आणि एके दिवशी पुडीत भाकरी नव्हतीच, सागरगोटे होते. कुंपणाच्या काटेरी जाळीतून काढलेले. तुमच्या हातावर ओरखडे होते. मला असा राग आला! भूक लागलेली आणि हातात दगडासारख्या बिया. मग तिथंच पाचोळ्यावर बसले आणि त्या उडवून झेलत राहिले, ऊन कलेपर्यंत. आई गेल्यानंतर मी त्या दिवशी पहिल्यांदा खेळले, आबा.

तर इथं मागच्या अंगणात एक केळ आहे. तिची सोपटं काढली, पुड्या केल्या, अंडं आणि खिमा लपवला. काही उपयोग नाही. डॉक्टरांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चाललेला. आज सकाळी काय मनात आलं कोण जाणे, ट्रंकेतून तेच सागरगोटे आणले आणि त्याच्यामागे टाकले. मग तुमच्यासारखी उकिडवी बसले. नाना बघत होते, लाज वाटली, तरी म्हटलं, "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुले रामाची आन."

कान हलले. मग ते वळलं. गुलाबी नाक, तांबडे डोळे. हळूहळू आलं, सागरगोटा हुंगला, पुढच्या पायांत धरला आणि अंडं फोडावं तसा मागच्या पायांमधून भिंतीवर फेकला. टण्ण! सागरगोटा उडाला, ते स्वतःच दचकून हातभर उडालं, शेपटी फुलवून त्याच्यावर धावलं आणि पुन्हा फेकला. "अरे बापरे, हाई ते नाची राह्यनं!" नाना ओरडले. मी म्हटलं, "मेल्या, इतके दिवस कुठं होतास?" आणि मला रडू फुटलं.

खरी गंमत पुढेच आहे. खिम्याची पुडी त्याच्या नाकासमोर, पाइपाखाली होती. ते तिथं थांबलं, हुंगलं, बघितलं. आणि निघून गेलं! रिकामी सोपटं उलटीपालटी केली, दगड उकरले, कोपरा न् कोपरा फिरलं आणि मग सावकाश परत येऊन पुडी फाडली. सगळं खाल्लं. नाना हसून म्हणाले, "काखेत कळसा न् गावले वळसा!" डॉक्टर धावत आले, तेही हसले, म्हणाले आता हे जगतंय. मीच तेवढी हसले नाही. मला तो वळसा ओळखीचा होता.

सुट्टी संपत आली. हे पत्र टाकायचं तरी कुठं, घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवते. पण एक राहिलं. विहिरीच्या काठावरून तुमची पांढरी टोपी दिसायची, आबा. कुठल्या केळीपाशी वाकलात ते सगळं दिसायचं. तरी मी आधी भलतीकडेच जायची, पाचोळा उकरायची, "इथं नाही का? तिथं नाही का?" ओरडायची. कारण तेव्हा तुम्ही खोडाआड उभे राहून तोंडाला उपरणं लावून हसायचात. आई गेल्यावर तुम्ही फक्त तेवढंच हसायचात.

भाकर कुठं आहे, ते मला रोज माहीत असायचं.